फाटकाशी टेकलेले गुडघे

बस फाटकाशी आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आमच्या मठाचा रिवाज असा, की बाहेर निघणाऱ्याने मठाधिपतीसमोर गुडघे टेकून आशीर्वाद घ्यायचा आणि परतल्यावर पुन्हा गुडघे टेकून वाटेतल्या चुकांची क्षमा मागायची. त्या दिवशी निघणारा मीच होतो आणि मठाधिपतीही मीच. मी कोणापुढे वाकणार? बॅग धरून घुटमळत राहिलो. तेवढ्यात फाटक सांभाळणाऱ्या ऐंशी वर्षांच्या ब्रदर आंतोनने माझ्यासमोर गुडघे टेकले. मागोमाग बाकीच्या सहा जणांनी. मी घाईघाईत हवेत क्रूस काढला आणि बसमध्ये चढलो. डोंगरापलीकडे तोफा चालू होत्या.

देशाचं नाव लिहीत नाही. ते सात जण अजून तिथेच आहेत.

मी मूळचा अंधेरीचा, मरोळ गावठाणातला. बाविसाव्या वर्षी घर सोडलं तेव्हा आई दारात म्हणाली होती, "जातंस तं जा. पन अर्ध्यावरून पाठी येव नको." तीस वर्षं मी ते पाळलं. तिच्या मातीलाही आलो नाही, आणि खरं सांगतो, त्याचा मला थोडा तोराच होता. मरेपर्यंत याच मठात राहीन, अशी आमची शपथ असते. नव्याने येणाऱ्यांना मी ती मोठ्या रुबाबात समजावून सांगायचो.

आता गावठाणाच्या तोंडाशी माझा फ्लेक्स लागलाय, 'युद्धभूमीवरून सुखरूप परतलेले आपले फादर'. शाल झाली, नारळ झाला. बहीण फिलू रोज बोंबील तळते आणि मला पलंग देऊन स्वतः खाली झोपते. वरून मेट्रो गेली की मी अजून दचकतो, तेवढंच माझं शौर्य. सगळ्यांना मी सांगितलं, भारतीयांना बाहेर काढायच्या वकिलातीच्या यादीत नाव आलं, निघावंच लागलं. मठातल्या भावांनाही हेच सांगून आलो होतो.

मागच्या रविवारी आंतोनचा फोन लागला. तक्रार एक नाही. पाव भाजतोय, विहिरीला पाणी आहे, छपराला एक भोक पडलंय. मग म्हणाला, "रोज प्रार्थनेच्या शेवटी गैरहजर भावासाठी थांबतो, फादर. तुमची खुर्ची पुसून ठेवलीय." मी लाजून फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी गावठाणातल्या क्रूसाजवळ रोझरीची प्रार्थना होती. शेवटी आशीर्वाद द्यायला मला पुढे केलं, आणि सगळी वाडी गुडघे टेकून बसली.  मीही खाली बसलो आणि म्हणालो, "यादीत माझं नाव आपोआप आलं नाही. तीनदा फोन करून मीच ते घालायला लावलं. मी घाबरलो होतो. आणि तिथे ते अजून माझी खुर्ची पुसून ठेवतात."

 फिलू चपला घालून सरळ घरी गेली. मी पोचलो तर तिने माझी बॅग माळ्यावरून काढून, झटकून ठेवली होती.

"घाबरलास तं घाबरलास," ती म्हणाली. "मानूसच हायेस तू. पन ते खुर्ची पुसतान ना रे?"

विमानं बंद आहेत. रोज चौकशी करतो. तीस वर्षं कोणी विचारलं की मी घर म्हणून मरोळचं नाव सांगायचो. आता घर म्हटलं की ते फाटकच डोळ्यांपुढे येतं. आंतोनला मराठी येत नाही, तरी त्याच्यासाठीच लिहितोय. मी आलो की उठू नकोस रे म्हाताऱ्या, आणि वाकू तर मुळीच नकोस. या खेपेला गुडघे मी टेकणार आहे.