दवाखान्याच्या तारेवर अष्टमी

सत्तरच्या दशकात मी कामरगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कुणी आपल्या फोनच्या घंटीचा दांडा फिरवला की आमच्या बोर्डावर त्याच्या खान्याचं झाकण खाली पडे आणि मी विचारायची, कुठे लावू? गावातले फोन जेमतेम वीस-बावीस. तो जुना बोर्ड बदलून नवा बसवायचा होता, आणि नेमकी तेव्हाच माझी वहिनी सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला दाखल होती. पहिलटकरीण. अडलीच तर कारंजाला फोन करून गाडी मागवायची, एवढाच आधार. माझा सगळा जीव दवाखान्याच्या त्या एका झाकणात अडकला होता.

काम करायला आलेले मिस्त्री पन्नाशीचे आणि भलतेच संथ. दिवसाला दोनच तारा नव्या बोर्डावर न्यायचे. जुन्यावरची जागा चिंधी बांधून राखून ठेवायचे, म्हणजे मिनिटात तार परत जोडता यावी. आणि नेलेली तार तपासताना 'ऐकू येतं का' हे विचारायची मला बंदी.

"आपल्या इकडचा मानूस आयकू नाई आलं तरी हो म्हनते, बाई," ते म्हणाले. "भाजी कायची केली ते इचारा."

मग मी लाज गुंडाळून घरोघरी भाजी विचारत बसले. बाईलाच डोहाळे लागलेत असं गावाला वाटलं असणार.

तिसऱ्या दिवशी दवाखाना आणि किराणावाले जैन शेठजी, अशा दोन तारा नव्या बोर्डावर गेल्या. दवाखान्याच्या खान्यात प्लग घालून मी भाजी विचारली. उत्तर आलं, आज अष्टमी, हिरवं काही नाही, मुगाची डाळ केली. दवाखान्यातल्या आमच्या कंपाउंडरला कसली आली अष्टमी! हे शेठजींचं घर होतं. जुन्या बोर्डावर त्या दोन खान्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या आम्हीच कधीतरी बदलल्या होत्या आणि नोंदवहीत लिहायचं राहून गेलं होतं. मिस्त्री बिचारे वहीप्रमाणे चालले होते.

मी म्हटलं, आता नव्यावरच्याही चिठ्ठ्या बदलू आणि मोकळे होऊ. ते ऐकेनात. आधी दोन्ही तारा जुन्यावर, मग बाकीचं. अशानं दिवाळी उजाडेल, असं मी फटकन बोलले. ते हसले आणि चिंध्या सोडायला लागले. मला असा राग आला होता की त्यांना चहाही विचारला नाही.

पाव तासानं जुन्या बोर्डावर दवाखान्याचं झाकण पडलं.

"बाई, कारंजाले लावा. बाळ आडवं हाये, गाडी पायजे," कंपाउंडर सांगत होता.

मी लावलं. गाडी आली आणि वहिनीला घेऊन गेली.

मिस्त्रींनी मग शेठजींचा नवा खाना उघडून पाहिला. त्याचं झाकण आतून अडकलेलं होतं. माझ्या म्हणण्याप्रमाणे चिठ्ठ्या बदलल्या असत्या तर दवाखाना त्याच खान्यात आला असता. कंपाउंडरनं कितीही घंटी फिरवली असती तरी मला पत्ता लागला नसता. मी फार हुशार माणसं पाहिली, पण इतका सावध माणूस पुन्हा पाहिला नाही.

संध्याकाळी कारंजाहून फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी बोर्डासमोरच रडायला लागले. मिस्त्री गडबडून जवळ आले.

"तिथं तुमचं कोनी होतं काय, बाई?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलंच नव्हतं.