सोमदत्त आणि आमचे हे

हे गेल्याची बातमी मला पुण्याहून कळली. माणूस गेला सोलापुरात, दवाखान्यापासून आमचं जुळे सोलापूरमधलं घर रिक्षाने अगदी जवळ, आणि मला फोन आला तो पुण्याच्या मेघनाचा. हुंदके देत ती म्हणाली, "काकू, अण्णा गेले हो... आत्ताच ग्रुपवर वाचलं." मी नुकतीच आंघोळ करून, ओल्या केसांनी ताटावर बसले होते. पहिला घास हातातच होता. आणि खरं सांगते, रडू फुटायच्याही आधी माझ्या मनात आलं ते एवढंच, की हिला माझ्याआधी कसं कळलं?

कळलं ते रफिकभाईंमुळे. रफिकभाई आमच्या भागातले रिक्षावाले आणि यांचे जुने दोस्त. त्या सकाळी तेही दवाखान्यात बसून होते. मी रात्रभर जागी होते म्हणून यांनी मला घरी पिटाळलं. मी पिशवी उचलून दारापाशी रेंगाळले तर हे कन्नडमध्ये, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, "नी मुंद नडी, ना बंदे." तू हो पुढं, मी आलोच. मी म्हटलं, "या लवकर, उगं नखरे नकोत." यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते एवढंच. रफिकभाईंनी रडत रडत ग्रुपवर दोन गोष्टी टाकल्या. एक, अण्णा गेले. आणि दुसरी, जाता जाता अण्णांनी सोमदत्तचं वाक्य म्हटलं. आणि रफिकभाईंनी ते लिहिलंही कन्नडमध्ये नाही, सोमदत्तच्या हिंदीत. "आप लोग आगे चलिए, मैं आया." संध्याकाळपर्यंत ते वाक्य नागपूर, बेळगाव, कुठं कुठं जाऊन आलं होतं. माझ्या नवऱ्याने मला सांगितलेला शेवटचा शब्द, आणि त्याच्यावर नाव लागलं होतं परक्या माणसाचं.

हा सोमदत्त कोण, ते सांगायला हवं. आमचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी गल्लीत पहिला टीव्ही आला, तो आमच्याच घरी. यांचं बाजारात ज्वारीचं दुकान, मंगळवेढ्याची ज्वारी विकणारे म्हणून थोडं नाव, तेव्हा सासूबाईंनी हौसेने घेतला होता. रविवारी सकाळी 'नीलयान' नावाची हिंदी मालिका लागायची. पुठ्ठ्याचं यान, चंदेरी पोती घातल्यासारखे कपडे घातलेली माणसं, आणि त्यांच्या डोक्यावरची शिरस्त्राणं तर थेट आमच्या कुकरसारखी. मी पहिल्या दिवशी हसले तर यांनी असं बघितलं की मी गप्पच बसले. त्या यानावर वाट दाखवणारा एक अधिकारी होता, सोमदत्त. कमी बोलणारा, सगळ्यांच्या मागून चालणारा. एका रविवारी यानाच्या मागच्या भागाला आग लागली. तो भाग तोडून सोडला तरच बाकीचे वाचणार, आणि तोडायचा खटका नेमका मागच्याच बाजूला. सोमदत्त सगळ्यांना पुढं काढतो, ते वाक्य म्हणतो, आणि मागे राहतो. कप्तान मधलं दार लावून घेतो. काचेतून सोमदत्त हात हलवताना दिसतो, मग तो जळता भाग लांब लांब जातो... संपलं. आमच्या ओसरीत अख्खी गल्ली बसली होती. शेजारच्या पद्मक्का, त्यांचा माग घरातच चालायचा, त्यांनी टीव्हीकडे बघून तेलुगूत कप्तानाला ज्या शिव्या घातल्या त्या मला कळल्या नाहीत, पण पटल्या असाव्यात, कारण सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आमचे हे उपरण्यात तोंड खुपसून ढसाढसा रडत होते.

तिथंच थांबलं असतं तर मीही म्हटलं असतं, हळवा आहे माणूस. पण हे उठले ते थेट चौकात गेले. चौकात तरुण मंडळाचा फळा असायचा, कुणी गेलं की त्यावर खडूने लिहायचे. आमच्यात, लिंगायतांत, माणूस गेला की शिवैक्य झाला म्हणतात. यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आपले सोमदत्त शिवैक्य झाले. शोकसभा आज संध्याकाळी, ज्वारीच्या दुकानासमोर.' बस, एवढंच. मालिकेचं नाव नाही, काही नाही. दुपारपर्यंत बाजारातले म्हातारे टोप्या घालून आमच्या दारात. कुणाला वाटलं यांचे चुलते गेले, कुणाला वाटलं दुकानाचा भागीदार गेला. पद्मक्कांना खरं काय ते ठाऊक होतं, तरी त्या पिठलं-भाकरी घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण द्यायचं असतं, आणि त्यांच्या मते हे दुःखाचंच घर होतं. विधी सांगायला जंगम स्वामीही आले. त्यांनी विचारलं, "मूळ गाव कुठलं म्हनायचं यांचं?" आणि हे गंभीरपणे म्हणाले, "नीलयान." स्वामींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "कर्नाटकात हाय का?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. काही म्हातारे चिडून निघून गेले. पण शोकसभा झाली. पोरं, हमाल, मागावरच्या बाया, रिक्षावाले, इतकी माणसं जमली की रस्ता अडला. रफिकभाईंची आणि यांची ओळख तिथलीच. ते तेव्हा तरणे होते, उभे राहून म्हणाले, "वो मर्‍याच नै. डब्बा टूट्या, आदमी कैसा टूटेगा?" तेव्हापासून दोन तट पडले. एक, सोमदत्त जिवंत आहे म्हणणारे. दुसरे, गेला पण देवमाणूस होता म्हणणारे. हे दुसऱ्यांत. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत, कप्तानाने दार लावायची घाई केली. थोडा वेळ धरून ठेवायला हवं होतं.

मी तेवढी कप्तानाच्या बाजूने. "बरं केलं लावलं ते. एका माणसापायी सगळ्यांनी जळायचं का?" असं मी दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी हे जेवता जेवता पाठ फिरवून बसायचे. दरवर्षी अशासाठी, की सोमदत्तचा दिवस आमच्या घरात पाळला जायचा. आधी दुकानासमोर, मग आम्ही फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आमच्या हॉलमध्ये. त्या दिवशी पिठलं-भाकरी, पद्मक्कांची आठवण म्हणून. सगळ्यांसाठी भाकरी मी थापायची आणि रडायचं यांनी. दुकानात देवांच्या फोटोंच्या ओळीत सोमदत्तचा फोटो होता, मासिकातून कापलेला, काच लावून. माझा फोटो दुकानात कधी लागला नाही. मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, "तू रोज दिसतीस की." माझे वडील गेले तेव्हा यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पळापळ सगळी केली, चार दिवस मैंदर्गीला, माझ्या माहेरी उभे होते, पण रडले नाहीत. मी सासूबाईंना म्हटलं, "त्या कुकरवाल्यासाठी रडले, माझ्या अप्पांसाठी नाही." सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, पुरुषाचं असतंय एकेक." बाई असती तर भांडता आलं असतं. झिंज्या उपटता आल्या असत्या. चंदेरी पोत्यातल्या मेलेल्या माणसाशी मी काय भांडू?

मग मोबाईल आले, ग्रुप झाला, आणि जे आमच्या बाजारापुरतं होतं ते सगळीकडे पसरलं. मेघना त्या ग्रुपमधली. पुण्यात कॉलेजात शिकवते. ती जन्मली त्याच्या आधी मालिका संपलेली, कुणीतरी जपलेल्या कॅसेटवरून तिने पाहिली आणि ती यांच्यासारखीच येडी झाली. दरवर्षी यायची. सोमदत्त मागे राहिला तो कर्तव्यासाठी की प्रेमासाठी, यावर हे आणि ती तासन् तास बोलत बसत. माझ्याशी यांचं बोलणं म्हणजे गॅस संपला का, वीजबिल भरलं का. मी चहा ठेवताना कान तिकडेच असायचा. एवढं बोलता येतं या माणसाला? मग मला का नाही कधी... असो. नाही, असो कशाला? मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

यांच्या मागच्या विधींच्या दिवशी ग्रुपमधले बरेच जण आले. त्यांनी यांचा आणि सोमदत्तचा फोटो शेजारी शेजारी छापून आणला होता. मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला, पण कुणीतरी परत सुलटा केला. जेवणं झाल्यावर मेघना बोलायला उभी राहिली. चांगलं बोलली, नाही म्हणणार नाही. शेवटी म्हणाली, "अण्णा सोमदत्तसारखे जगले आणि त्याच्याच शब्दांत निरोप घेऊन गेले." सगळे मुसमुसायला लागले. रफिकभाईंनी माझ्याकडे बघून हात जोडले, जणू मोठा मान मिळाला मला. आणि मी आतल्या आत पेटले. माझा सगळा संसार त्या एका वाक्यावर येऊन थांबला होता. दारात रेंगाळणाऱ्या बायकोला सांगायला या माणसाकडे स्वतःचं एक वाक्य नव्हतं? शेवटच्या क्षणी हे माझ्याशी बोलत होते की सोमदत्त-सोमदत्त खेळत होते?

भिंतीला टेकून माझा मोठा भाऊ बसला होता. मैंदर्गीचा दादा. त्याने आयुष्यात शेत आणि बाजार सोडून काही पाहिलं नाही, टीव्हीसमोर बसला की झोपतो. तो मला हळूच म्हणाला, "कमळे, ह्यो सोमदत्त कोन? पावण्यांचा कोन लागतो?" मी दातओठ खात सांगितलं. वाक्यही सांगितलं. दादा गोंधळला.

"त्याचं कसं आसंल? ह्ये तर पावणं पयल्यापासनं म्हनायचं की."

"कधी?"

"तुला आठवत न्हाय व्हय? तू पयल्यांदा म्हायेरपणाला आलतीस, पावणं न्यायला आलतं. यष्टी लागली, तुमी निगाला. आई दारात रडत बसलती. तवा पावणं तुला म्हनलं, 'नी मुंद नडी, ना बंदे,' आन् माघारी फिरलं. आईच्या पाया पडलं. म्हनलं, 'लेक न्हाय न्हेत तुमची, दोन घरं करतुय तिला.' तुज्या माघारी आई मरस्तवर आमास्नी सांगायची." मग म्हणाला, "तुमचा त्यो डब्यातला मानूस तवा जल्मला तरी हुता का?"

नव्हता. तेव्हा आमच्या घरी टीव्हीच नव्हता.

आणि मला सगळं आठवलं. हे माघारी गेले ते छत्री विसरले म्हणून, असं मी आजवर समजून चालले होते. मी एसटीत चढलेली, हातात बोचकं, हिरवा चुडा. कंडक्टरने दोरी ओढून घंटी दिली. हे दिसेनात. मी उतरून पायरीवर उभी राहिले आणि दाराच्या दांड्याला गच्च धरलं. कंडक्टर ओरडत होता, "बाई, आत व्हा की, दार लावू द्या!" नवी नवरी, डोईवरचा पदर घसरलेला, गाडीतली सगळी माणसं बघतायत, पण मी हलले नाही. लांबून हे धोतर सावरत पळत येताना दिसले, तेव्हाच दार सोडलं. चढल्यावर हे शेजारी येऊन बसले. सोलापूर येईपर्यंत नुसते माझ्याकडे बघून हसत होते, आणि मी रागाने खिडकीबाहेर.

त्या रविवारी ओसरीत हे इतके का रडले असतील, याचा मी इतकी वर्षं राग राग करत आले. आता मला वाटतं, यांनी एकदा मागे राहून पाहिलं होतं, आणि यांच्यासाठी कुणीतरी दार धरून ठेवलं होतं. सोमदत्तसाठी कुणी धरलं नाही. यांना त्याचंच वाईट वाटलं असेल. खात्री नाही. पण विचारायला माणूस नाही, तेव्हा मी माझ्या सोयीचं धरून चालणार.

हे मी ग्रुपवर टाकलेलं नाही. रफिकभाईंनाही सांगितलं नाही. इथं लिहितेय, म्हणजे मेघनासकट सगळ्यांना एकदमच कळेल की ते वाक्य आधी कुणाला म्हटलं होतं. सोमदत्तला ते नंतर मिळालं. माझं झाल्यावर.

आमच्या इमारतीत जुनी लिफ्ट आहे. जाळीचं दार उघडं राहिलं की आतून एक बाई गोड आवाजात बोलायला लागते, कृपया दरवाजा बंद कीजिए. बाहेर निघताना हे नेहमी मागे राहायचे. गॅस बघ, नळ बघ, कुलूप ओढून बघ. आणि मी लिफ्टच्या दारात पाय घालून, त्या बाईची कटकट ऐकत उभी. आता कुलूप मीच लावते, मीच ओढून बघते. लिफ्टमध्ये शिरते, आणि हात जाळीकडे जातच नाही. ती बाई बोलत राहते, कृपया दरवाजा बंद कीजिए, कृपया दरवाजा बंद कीजिए... चौथ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतं, "काकू, लिफ्ट सोडा की!"

ओरडू देत. कप्तानाला घाई होती, मला नाही.