वाढत्या अंगाचा पंप

टाचणीमावशीच्या ओठांत सदा दोन-चार टाचण्या असत, म्हणून हे नाव. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या झग्यांना अस्तरं लावून तिनं साठीत स्वतःचं घर बांधलं आणि तेही विजेच्या शेवटच्या खांबापलीकडे. छपरावर सौर पॅनेल, कोपऱ्यात बॅटऱ्या, अंगणात विहीर. शिलाई मशीन उन्हावर चालायचं, याचं तिला इतकं अप्रूप की ती न फाटलेलंही शिवायची!

एकच गोष्ट अडली होती. थोरली बहीण, अक्का, कायमची राहायला आली होती. पण गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. "दोरी-बादली मला जमायची नाही," अक्कानं आल्या आल्या बजावलं. "रविवारी दुपारपर्यंत नळाला पाणी आलं तर राहीन. नाहीतर आपला भाच्याकडचा व्हरांडा बरा." दोघी शेवटच्या एका घरात राहिल्या, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. मावशीला हे हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

ती पंपाच्या दुकानात धावली. दुकानदार म्हणाला, "डोळे झाकून दोन एचपीचा न्या. वापरून बघा, नाही आवडला तर परत आणा." मावशीनं आयुष्यभर पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे बेतलेले. पंपही तसाच घ्यावा, उद्या पाहुणे आले, बाग केली, तर कामी येईल, असं तिला वाटलं आणि तिथेच ती फसली.

शुक्रवारी बटण दाबलं. विहिरीत "घुर्र" झालं, बॅटरीवरच्या इन्व्हर्टरनं किंकाळी फोडली आणि घर ठप्प. पंखा थांबला, फ्रिज थांबला, मशीनची सुई कापडात अडकली.

"पाणी आलं नाही," अक्का आतून म्हणाली, "वीज मात्र गेली!"

मावशीला आधी हसू आलं आणि मग रविवार आठवला. तिनं जुनी इस्त्री सुतळीला बांधून विहिरीत सोडली, वरची कोरडी राहिलेली सुतळी टेपनं मोजली. पाणी पंचेचाळीस फुटांवर, छपरावरची टाकी आणखी पंधरा. दोन म्हाताऱ्यांना दिवसाला पाचशे लिटर म्हणजे डोक्यावरून पाणी. ऊन सहा तास. म्हणजे तासाला शंभर लिटर बास की!

शनिवारी ती मोठा पंप परत घेऊन दुकानात हजर. "बॅटरीला हात न लावता थेट पॅनेलवर चालणारा, बारका द्या."

"एवढासा? बाहुलीचं घर आहे का?"

मावशीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, हे ती फार क्वचित करी. "मापाचा द्या. मला घाई नाही, सूर्यालाही नाही."

दुपारी प्लंबरनं तो बसवला. टाकीत करंगळीएवढी धार पडू लागली. अक्कानं कान लावून ऐकलं. "यात चूळ तरी भरेल का गं?" असं म्हणून तिनं बॅग भरायला घेतली. मावशीला त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी दुपारी बॅग पायरीवर आणि अक्का बॅगेशेजारी. नळाकडे ती बघेचना. "नुसती चावी फिरव तरी," असं मावशी विनवत होती, तेवढ्यात वरून धो धो पाणी कोसळलं. करंगळीची धार एका दिवसात टाकी काठोकाठ भरून मोकळी झाली होती आणि छपरावर साचलेलं पाणी एकदम खाली आलं होतं! अक्का चिंब, बॅग चिंब, बॅगेतली सगळी लुगडी चिंब.

मावशी टाळ्या पिटत अंगणात गिरक्या घेऊ लागली. अक्कानं चेहरा पुसला, नळापाशी गेली, चावी फिरवली. भसाभसा पाणी आलं. तिनं बंद केली, परत उघडली, परत बंद केली. मग बॅग उघडली.

"दोरी बांध. हे सगळं वाळायला किती वेळ लागेल?"

मावशीनं उन्हाकडे पाहिलं. अर्धा तास पुरला असता.

"बरीच वर्षं, अक्का," ती म्हणाली.