वन स्टेप अहेड मामा

उद्या जगबुडी यायची असेल, तर माझे मामेसासरे आज संध्याकाळीच बुडून, अंग पुसून, चहा घेत बसलेले असतील. बायकोचे हे सख्खे मामा, राहणार कोपरखैरणे, तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून उभा जन्म काढून रिटायर झालेले. घाई करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण मामा घाई करत नाहीत, ते आधीच पोचलेले असतात. कारखान्यात कधीतरी एक साहेब ट्रेनिंग द्यायला आले होते म्हणे. त्यांनी फळ्यावर 'वन स्टेप अहेड' असं लिहून तासभर भाषण केलं. सामोसे सगळ्यांनी खाल्ले, वाक्य एकट्या मामांनी घरी आणलं. एरवी इंग्रजीशी मामांचं फारसं सख्य नाही, पण हे तीन शब्द ते असे म्हणतात की समोरच्याला वाटावं, ही म्हण मूळची यांच्याच गावची.

भिंतीवरचं कॅलेंडर ते पंचवीस तारखेलाच उलटतात. त्यापायी मामींचा चतुर्थीचा उपास एकदा भलत्याच दिवशी घडला. "अहो, उरलेले पाच दिवस जगू तरी द्या आम्हाला!" असं मामींनी सुनावलं, तर म्हणाले, "वन स्टेप अहेड राहायचं." गणपती विसर्जन करून आले की दुसऱ्याच दिवशी पुढच्या वर्षीची मूर्ती सांगायला हजर! त्यांचं म्हणणं असं, की देवाला 'लवकर या' म्हणायचं आणि आपण मात्र निवांत राहायचं, हा कुठला न्याय? सुनेला पाचवा महिना लागला तेव्हा ते शाळेचा फॉर्म आणायला गेले होते. बाईंनी मुलाचं नाव विचारलं. मामा म्हणाले, "अजून जन्म व्हायचाय, पण तुमी फॉर्म द्या, तोपर्यंत होईल." बाईंनी दिला नाही. "या लोकांना व्हिजनच नाही," असं ते पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

पण हे सगळं परवडलं. खरा वैताग म्हणजे मामा दुसऱ्याचं वाक्यही आधी पोचून पुरं करतात. आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात मी घाम पुसत पुसत हिला विचारलं, "तुम्हाला वाचनाची..." आणि मामा कोपऱ्यातून कडाडले, "आवड आहे! भरपूर!" लग्नाला बारा वर्षं झाली, हिच्या हातात मी मेन्यूकार्डाखेरीज काही पाहिलेलं नाही. सोसायटीतल्या एका शेजाऱ्याने जिन्यात नुसतं "आमचे बाबा गेले..." एवढं म्हटलं, तर मामांनी हात जोडून "वाईट झालं, पण वय होतं" असं सांत्वन केलं आणि दोन जिने चढेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकूनही मोकळे झाले. बाबा गावी गेले होते. संध्याकाळी त्यांनीच तिकडून फोन करून मामांची खरडपट्टी काढली. मामांवर काडीचा परिणाम नाही. "माणूस बोलायला लागला की मला त्याचं शेवटचं स्टेशन दिसतं," म्हणाले. आता काय बोलणार, कप्पाळ!

यथावकाश नात झाली. चिऊ. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे चिऊ दिवसभर आजी-आजोबांकडे. आणि अडीच वर्षांची झाली तरी चिऊ बोलेना. हसायची, नाचायची, सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द म्हणून नाही. मामींनी वेखंड उगाळून चाटवून पाहिलं. येणारे-जाणारे "बापही उशिराच बोलला असेल" म्हणून चहा पिऊन जायचे. सून एकदा आमच्या स्वयंपाकघरात माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मामांनी कानाची तपासणी करून आणली. कान उत्तम होते. मग वाशीच्या एका बाईंकडे जायचं ठरलं, बोलायला शिकवणाऱ्या. मुलाला सुट्टी मिळेना, म्हणून मामांना आणि चिऊला गाडीतून मी घेऊन गेलो.

बाई तरुण होत्या, हसऱ्या. त्यांनी एक घट्ट झाकणाचा डबा चिऊच्या हातात दिला. आत बिस्किटं दिसत होती. चिऊने डबा हलवला, फिरवला आणि मामांकडे नुसतं पाहिलं. मामांनी झाकण उघडून बिस्कीट तिच्या हातात ठेवलं. बाईंनी दुसरा डबा दिला. चिऊने पाहिलं, मामांनी उघडला. तिसराही तसाच. मग बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही हिला..."

"लाडावून ठेवलंय, हेच ना?" मामा म्हणाले.

"नाही. मला बोलू द्या. तुम्ही हिला मागूच देत नाही. हिने पाण्याकडे बघितलं की पाणी हजर. मग ती बोलेल कशाला? हे एकच कारण असेल असं मी म्हणत नाही, आपण बाकीचंही बघू. पण घरी जरा थांबत जा. मनात दहा आकडे मोजा, आणि तोवर हात जागेवर."

 परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा मामांनी मागच्या सीटवर झोपलेल्या चिऊकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, माझ्या नातीच्या तोंडातला शब्द मीच खाल्ला हो."  या माणसाची आयुष्यभर टिंगल केली, त्या दिवशी मात्र फार वाईट वाटलं.

मग मामांचं थांबणं सुरू झालं. ते बघणंही एक तमाशाच होता. सोफ्यावर स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसायचे आणि ओठ हलवत मोजायचे. सुरुवातीला दहा आकडे दोन सेकंदांत उरकायचे. मामी ओरडायच्या, "सावकाश मोजा! गाडी सुटत नाहीये!" चिऊ पाण्याच्या भांड्याकडे बघायची, मग मामांकडे, मग जमिनीवर लोळण घेऊन घर डोक्यावर घ्यायची. अशा वेळी मामा गॅलरीत जाऊन टॉवेलात तोंड खुपसून उभे राहत. मामी म्हणाल्या, "कारखान्यात संपाच्या वेळी डोक्याला दगड लागला तेव्हा रडला नाही हा माणूस." असे तीन महिने गेले. एका दुपारी चिऊ भांड्यासमोर उभी राहिली, मामांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पा." एवढंच. मामा इतके गांगरले की पाणी द्यायचंच राहिलं. शेवटी मामींनी दिलं.

पुढे चिऊ बोलायला लागली. अडखळत, मध्येच थांबत, पण लागली. आणि घर जरा भरल्यासारखं वाटायला लागलं तोच मुलाची बदली हैदराबादला झाली. आता रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. परवा मी मामांकडे गेलो होतो, तेव्हा फोन यायच्या अर्धा तास आधीपासून मामा चष्मा पुसून बसलेले. चिऊ पडद्यावर आली. आता साडेचार वर्षांची. हातात रंगवलेला कागद होता. म्हणाली, "आजोबा, काल शाळेत ना, मी... मी..."

आणि थांबली. कागद मला दिसतच होता. मी "चित्र काढलं!" म्हणायला तोंड उघडलं, तोच मामांचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. चांगला जोरात दाबला त्यांनी. मी गप्प बसलो. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. तिकडे चिऊ शब्द शोधतेय, इकडे मामा तिच्याकडे बघतायत, चेहऱ्यावर कसली म्हणून घाई नाही.

"मी रडले," चिऊ म्हणाली.

मी बोललो असतो तर तिने मान डोलावली असती, कागद दाखवला असता आणि फोन ठेवला असता.

"हं," मामा म्हणाले.

"सगळ्यांचे आजोबा आलेले. शाळेत. तू... तू नव्हतास."

मामी आत निघून गेल्या.  मामांनी तिला काही समजावलं नाही, खाऊचं आमिष दाखवलं नाही, पुढच्या वेळी सगळ्यांच्या आधी येतो असंही म्हणाले नाहीत. फोन जरा जवळ धरला.

"अजून सांग," म्हणाले.