कॅप्टनने दिलेला नकार

कॅप्टनच्या घरातल्या लोखंडी कपाटाची किल्ली कुठे असते हे मार्गरेटला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. दोघींनी अर्धा जन्म एका घरात काढलेला. नागपूरच्या सगळ्या भाचरांची नावं मार्गरेटला पाठ, कॅप्टनच्या गुडघ्याच्या गोळ्या कधी संपतात तेही पाठ. किल्ली मात्र नाही. कपाटात कॅप्टनची रायफल असायची, आणि परवाना जिच्या नावावर तिच्याशिवाय कुणाच्या हाती किल्ली लागता कामा नये असा इंग्लंडातला नियम. मार्गरेट म्हणायची, हिच्या आयुष्यात एक गुपित आहे आणि तेही सरकारने ठेवायला लावलंय.

कॅप्टन म्हणजे सुधाताई. मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि शनिवार गेले रायफल क्लबात. तिथल्या बायकांच्या टीमच्या त्या कॅप्टन, म्हणून आम्हीही कॅप्टनच म्हणायचो. आम्ही म्हणजे आपल्याकडच्या गे-लेस्बियन मंडळींचा ग्रुप. महिन्यातून एका रविवारी लायब्ररीच्या वरच्या खोलीत जमायचो. पहिल्यांदा परवाना घेताना पोलीस घरी आला आणि घरात आणखी कोण राहतं म्हणून त्याने विचारलं, तेव्हा कॅप्टनने सरळ सांगितलं की ही माझी जोडीदार. स्वतःच्या आईला त्यांनी तोवर सांगितलं नव्हतं. "पोलिसाला सांगणं सोपं गेलं बाप्पा," त्या म्हणायच्या. "तो रडला नाही ना!"

मग एकदा ट्रॅम स्टॉपवर अनोळखी पोरांनी मला मारलं. माझा जोडीदार अद्वैत आणि मी हात धरून उभे होतो, एवढंच निमित्त. माझं नाक फुटलं, दोन बरगड्या गेल्या. पुढच्या रविवारी खोलीत दुसरा विषयच नव्हता. निखिल शिकागोत बरीच वर्षं काढून आलेला. तिकडे आपली माणसं बंदूक चालवायला शिकतात, म्हणून समोरचा हात उचलायच्या आधी विचार करतो, असं त्याचं म्हणणं. फरीदा भडकली. बंदुका वाढल्या की आधी आपलीच माणसं मरतात, म्हणाली, आणि कॅप्टनच्या कपाटातली रायफलसुद्धा आपल्याला खुपते हे तोंडावर सांगून टाकलं. कॅप्टन चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसल्या होत्या. कागदाला भोकं पाडायचा माझा छंद आहे, म्हणाल्या, त्यात कुणाला संरक्षण दिसत असेल तर त्याने चष्मा बदलावा.

मी मात्र निखिलच्या बाजूचा. ज्याच्या बरगड्या मोडतात त्याला तत्त्वज्ञान सांगू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. मी कॅप्टनच्या इतका मागे लागलो की एका शनिवारी त्या मला पाहुणा म्हणून क्लबात घेऊन गेल्या. सेक्रेटरी भला म्हातारा. चहा दिला आणि सहज विचारलं, नेमबाजी का शिकायचीय? मी छाती काढून सांगितलं, जिवाला धोका आहे म्हणून. साताऱ्याच्या मामाला परवाना मिळाला तो हेच सांगून. आपल्याकडे हेच तर कारण लागतं. इथे नेमकं तेच चालत नाही. सेक्रेटरीने कप खाली ठेवला, माझ्या नाकाबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं आणि मला सभासद करून घेता येणार नाही असं अगदी गोड शब्दांत कळवलं. कॅप्टनची मान खाली गेली.

निखिल म्हणाला, दुसऱ्या क्लबात जा, खेळाची आवड म्हणून सांग, फक्त माणूस भरवशाचा आहे असा कॅप्टनचा शब्द लागेल. मी शब्द मागितला.

"नाही देणार," त्या म्हणाल्या.

"का? मी खोटं बोलतोय असं वाटतं तुम्हाला?"

"तू किती घाबरलायस ते दिसतंय मला. म्हणूनच नाही."

माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या कपाटात रायफल ठेवून मला शहाणपण शिकवणाऱ्या बाईशी मी बोलणं टाकलं. त्याने त्यांना काही फरक पडला नाही. मी ऑफिसातून सुटलो की स्टॉपसमोर त्यांची जुनी निळी गाडी हजर. कधी मेथी द्यायचीय, कधी इथून चाललेच होते. मी न बोलता बसायचो, त्याही न बोलता घरी सोडायच्या. त्या हिवाळ्यात अद्वैत वडिलांच्या आजारपणामुळे पुण्याला होता. मला झोप नव्हती, पुढे पुढे कामावर जाणंही बंद झालं. तेव्हा त्या डबा घेऊन वर यायच्या आणि मी जेवेपर्यंत हलायच्या नाहीत. वैताग यायचा मला, खरं सांगतो. अद्वैत परत आला, मी हळूहळू कामावर जायला लागलो, आमचं बोलणंही सुरू झालं. त्या हिवाळ्याविषयी मी कुणाला काही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मार्गरेट गेली. कॅन्सरने, झटक्यात. आठवड्याभराने सकाळीच कॅप्टनचा फोन आला की ये, गाडी तुला चालवायचीय. रायफल पेटीत घालून त्या दारात तयार उभ्या. परवानाधारक दुकानदाराकडे ती ठेवून द्यायची होती. वाटेत मी म्हटलं, एवढी घाई कशाला, मन रमेल तुमचं क्लबात.

"घरात आता मी एकटी आहे," त्या म्हणाल्या. "आणि सध्या मला माझा भरवसा वाटत नाही. निखिल आणि फरीदा बाहेरच्या माणसावरून भांडतात रे. बाहेरचा माणूस रोज येत नाही. आपण स्वतः रोज घरात असतो."

 पुढच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "त्या हिवाळ्यात बंदूक मिळाली असती तर तू ती कुणावर रोखली असतीस?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर त्या काही आठवडे आमच्याकडेच राहिल्या. अद्वैतने त्यांना जेवायला लावलं, मी रोज फिरायला नेलं. मग मार्गरेटच्या बहिणीकडे एडिनबराला गेल्या, त्या कायमच्याच. परवाना परत केला. रायफलची आठवण येते, फोनवर कबूल करतात. निखिल आणि फरीदाचा वाद अजून मिटलेला नाही. मला हल्ली दोघंही मत विचारतात. मी एवढंच सांगतो की गाडीत जे उत्तर दिलं नाही ते कॅप्टनला माहीत होतं. त्यांनी तेव्हा शब्द दिला असता, तर हे लिहायला मी उरलो नसतो.