धानातली वाट

नागभीडची छोटी गाडी बंद पडल्यापासून शेजारच्या बाई आमच्या ओस स्टेशनच्या फलाटावर धान वाळवायच्या. बकऱ्यांवर आणि माझ्यावर त्या एकाच आवाजात खेकसायच्या. पण धान पसरताना गेटापासून फलाटाच्या कडेपर्यंत माणूस जाईल एवढी वाट मोकळी ठेवायच्या. मला हसू यायचं.

"काऊन हसून राह्यले भाऊ? उतरनाऱ्याले वाट नाई लागत का?"

पुढे स्टेशन पुन्हा सुरू करायचं ठरलं. रेल्वेचे साहेब पाहणीला आले आणि बोलता बोलता त्याच वाटेनं कडेपर्यंत जाऊन परतले. एका दाण्यावर पाय पडला नाही. वाट कुणी ठेवली, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

"बाई, आता धान कुठं वाळवाल?" मी विचारलं.

"पाहू नं," म्हणाल्या, आणि झाडायचा फडा घेऊन ती वाट हातभर रुंद करू लागल्या.