चंद्राच्या पाठीवरची संकष्टी

संकष्टीच्या दिवशी वर्गात चंद्र शिकवायला घेऊ नये. पोटात काही नसलं की माझी जीभ जरा जास्तच तिखट होते.

आठवीच्या मुलांना चंद्रावरून पृथ्वी कशी दिसते ते सांगत होते. आपल्या चंद्राच्या चौपट रुंद, निळी-पांढरी. तिलाही कला असतात, पण उलट्या; आज इथे चंद्र मोठा, तर तिथे पृथ्वीची नुसती कोर. ती उगवत नाही, मावळत नाही, एकाच जागी असते. एका मुलीने विचारलं, "मग बाई, तिथे पृथ्वी बघून उपास सोडायचा तर?"

"पुढच्या बाजूला हवं तेव्हा जेवा. पाठीकडून पृथ्वी कधीच दिसत नाही. तिथली बाई उपाशी मरेल."

वर्ग खो खो हसला. मी नाही हसले.

माझा नवरा जहाजावर. तो पाण्यात असेतोवर घरातल्या बाईने संकष्टी धरायची, अशी आमच्या घरची रीत. सासूबाईंना साखरेचा त्रास सुरू झाला तसं ते व्रत माझ्या गळ्यात आलं. पंचांगातली वेळ चालत नाही, चंद्र डोळ्यांनी बघायचा. आणि वाडीच्या पूर्वेला डोंगर. चंद्र त्यावर येईतो मोदक गार. कुरकुर करायचे, पण धरायचे. पाण्याची भीती खरी होती.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. शिमग्याला येतो म्हणाला. कुठल्या बंदरात आहात, विचारलं.

"मुंबईत. दिवाळीलाच उतरलो गो. जरा मोकळं राहायचं होतं."

अंगाची लाही लाही झाली. फोन ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन पान वाढून घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला. सासूबाई दारात आल्या.

"अगो, चंद्र कुठं दिसलाय अजून? तो पाण्यात हाय ना!"

"मुंबईत आहेत ते. दिवाळीपासून."

त्या दारातच टेकल्या. मला वाटलं, म्हातारीला धक्का बसला. वाईट वाटून त्यांना पाट सरकवला. तेव्हा खाली बघत म्हणाल्या, "ठावं हाय मला. मला फोन करतो तो. पण लांब हाय तवर व्रत मोडू नये वाटलं. तुला सांगितलं असतं, तर तू उपास धरला असतास काय?"

आणि दिवाळीपासून दर संकष्टीला ही बाई माझ्याशेजारी पायरीवर बसून, चंद्र वर आला का ते बघत होती.